लाइन आली का मोटर लावजो

दुसरी_वेलांटी:

मंडळी, मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करतो. मूळ गाव दर्यापूर आणि अंजनगावच्या मध्ये, अमरावती जिल्ह्यात. बहीण न्यू जर्सीला असते. तिचा चौदा वर्षांचा मुलगा या जुलैत तीन आठवडे गावी आजीजवळ राहून गेला. मराठी त्याला चांगलं समजतं. बोलतोही, फक्त मध्येच एखादं क्रियापद रस्ता सोडून शेतात शिरतं. हा धागा त्याच्यामुळे काढतोय.

पावसानं ओढ दिली होती, संत्र्याला पाणी देणं भाग होतं. संध्याकाळी आई हरिपाठाला निघाली आणि जाता जाता नातवाला म्हणाली, "लाइन आली का मोटर लावजो बाप्पा." स्टार्टर ओसरीतच आहे. हिरवं बटण दाबायचं, एवढंच काम. तासाभरानं आम्ही परत आलो तर घरात पंखा गरगर फिरतोय, ओसरीतला दिवा लागलाय, मोटर मात्र बंद, आणि हा पठ्ठ्या फाटकाजवळच्या दगडावर रस्त्याकडे डोळे लावून बसलेला. आईनं विचारलं तर म्हणाला, "आजी, लाइन आलीच नाही. दोन बकऱ्या आल्या आणि एक काका सायकलवर."

आईला काही उमगेना. मला उमगलं आणि मी पायरीवरच बसलो. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज, त्याच्या अमेरिकी डोक्यात लाइन म्हणजे माणसांची रांग. आजीच्या दारात संध्याकाळी रांग लागणार, ती आली की मोटर लावायची, बहुधा त्यांना पाणी द्यायचं असेल, असा त्यानं अर्थ लावला होता. आणि इमानदारीनं तासभर वाट बघितली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं वहीच केली. पहिली नोंद आजीची. दुसरी पानठेल्यावरची. तिथं कोणीतरी कोणाबद्दल तरी म्हणालं, "तो तिच्यावर लाइन मारते ना बे," आणि यानं मला घरी येऊन विचारलं की कशानं मारतो, पेनानं? तिसरी माझ्या चुलतभावाची. त्याच्या पोरानं दर्यापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यावर भाऊ म्हणाला, "चला, पोट्टं लाइनीले लागलं." मग बागेतली ठिबकची लाइन खारीनं कुरतडली. मग मावशी नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राहते हे कळलं. मग कोणीतरी किराणा लाइन सोडून हॉटेल लाइनमध्ये गेलं.

एका सकाळी त्याला शकुंतलेची लाइन दाखवायला नेलं. मूर्तिजापूर-अचलपूर, नॅरोगेज, कापूस वाहायला इंग्रजी कंपनीनं टाकलेली. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत माजलंय. त्या गवतात उभा राहून पोरगं म्हणालं, "म्हणजे इथे लाइन दिसते, पण येत काहीच नाही. आणि आजीकडे लाइन येते, पण दिसत नाही." मी पंचवीस वर्षं शब्दांवर पोट भरतोय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

जायच्या दिवशी वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या. विमानतळावर त्यानं विचारलं, "मामा, हा एकच वर्ड आहे, का तुम्ही लोकांनी अकरा वेगवेगळे चोरले?"

याचं उत्तर काय द्यायचं? माझ्या कामापुरतं मला एवढंच माहीत आहे की लोक 'लाईन' लिहितात आणि मी दिवसभर त्याची 'लाइन' करतो. आमच्या छापखान्यात मी म्हणतो, "ओळ गळली," आणि ऑपरेटर म्हणतो, "लाइन उडाली." दोघंही एकाच भोकाबद्दल बोलत असतो. आणखी एक गंमत. आई दिवसातून वीस वेळा लाइन म्हणते, पण पेरणीच्या ओळीला ती तास म्हणते, ऊस असेल तर सरी. पंढरपूरला गेली की दर्शनबारीत उभी राहते, जेवायला पंगतीत बसते. तिथं हा शब्द शिरलेला नाही. मग कुठं शिरला, कुठं नाही, हे कोणी ठरवलं? आणि लाइन स्त्रीलिंगीच का, हेही कोणी सांगा.

तुमच्याकडची, तुमच्या धंद्यातली लाइन सांगा. शब्दकोशातले अर्थ नकोत, ते माझ्याकडे आहेत. घडलेलं सांगा.

कर्जत_स्लो:

लिंगाचं सोपं आहे. ओळ ती, रांग ती, रेघ ती. घरात तीन बहिणी आधीच होत्या, चौथी आली तीही बहीणच झाली. गाडीमुळे बस आणि ट्रेन 'ती' झाल्या, तसंच.

आता मुंबईची लाइन. मी बदलापूरची, लोकलच्या सेंट्रल लाइनवरची. मुंबईत लाइन ही जवळजवळ जात असते हो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पत्रिका जुळली, शिक्षण जुळलं, आणि आई शेवटी म्हणाली, "पण मुलगा वेस्टर्नचा आहे." जणू परधर्मातलाच. विरारचा होता. आईच्या डोळ्यांपुढे फक्त दादरचा पूल होता: मुलगी माहेरी यायची तर दादरला उतरायचं, पूल चढायचा, गर्दीतून पलीकडे जायचं, परत स्लो पकडायची, आणि हे सगळं काखेत बाळ घेऊन. आईनं बाळाचंही ठरवून टाकलं होतं. लग्न झालं. अकरा वर्षं झाली. आई अजूनही जावयाची ओळख "आमचे वेस्टर्न लाइनचे" अशीच करून देते. हार्बरवाले तर आमच्या दोघांच्याही खिजगणतीत नसतात, आणि त्यांना ते माहीत असतं.

त्याच वेस्टर्नवर मरीन लाइन्स स्टेशन आहे. तिथली लाइन रुळांची नाही, मरीन बटालियनच्या लाइन्सची, म्हणजे लष्करी बराकींची. तुमच्या मावशीची सिव्हिल लाइन्स त्याच कुळातली: लष्कराच्या लाइनी एकीकडे, मुलकी साहेबांचे बंगले दुसरीकडे. पोलीस लाइनही तीच. माझे काका पोलीस लाइनीत वाढले. ते चिडले की काकू म्हणते, "आली बघा लाइन बाहेर."

आणि पानठेल्यावरच्या नोंदीत एक भर घालायला सांगा भाच्याला. तो लाइन मारतो, ती लाइन देते. किंवा देत नाही. ती मारत नाही कधी. भाषेनंच तशी सोय करून ठेवली आहे. आमच्या लेडीज डब्यात याचा हिशेब बरोबर उलटा चालतो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खांबावरचा:

वेलांटी साहेब, तुम्ही माझ्याच शब्दाला हात घातला. मी चौतीस वर्षं लाइनमन होतो, कारंजा आणि यवतमाळकडे. लागलो तेव्हा विद्युत मंडळ होतं, 2005 ला त्याच्या कंपन्या झाल्या, मी तिथंच राहिलो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अजून रात्री फोन वाजला की हात आधी बॅटरी शोधतो.

तुमच्या भाच्यानं जे म्हटलं, येते पण दिसत नाही, त्यावरच आमचं अर्धं आयुष्य गेलं. आमच्यासाठी लाइन म्हणजे तार. खांब, तार, चिमण्या बसतात ती. ती कुठं जात नाही न् येत नाही. पण गावात लाइन म्हणजे तारेतून वाहतं ते. रात्री दोनला फोन यायचा, "भाऊ, लाइन गेली!" सुरुवातीला मी गमतीनं विचारायचो, "कुठं गेली? खांबावर तर दिसते मले." एकदा एका म्हाताऱ्यानं फोनवरच सुनावलं, "खांबावर लोंबते थे तुही लाइन. माह्या घरात येते थे माही लाइन. तुही हाय, माही गेली." त्या दिवसापासून गंमत बंद केली.

लोडशेडिंगच्या काळात तर लाइनीचं पंचांगच असायचं. शेतीच्या थ्री फेजला आठ तास दिवसा, नाही तर दहा तास रात्री, आठवड्यानं पाळी बदलायची. रात्रपाळीच्या आठवड्यात अख्खं शिवार जागं. साप-विंचवात लोक बॅटरी घेऊन फिरायचे. काही जण स्टार्टरला ऑटो लावून घरी झोपायचे, लाइन आली की मोटर आपोआप सुरू. एकाची सोय होते, पण सगळ्यांनी लावला तर लाइन येते त्याच क्षणी शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग आठ दिवस कोणालाच लाइन नाही. आम्ही गावोगाव सांगत फिरायचो, ऑटो काढा, कपॅसिटर लावा. लोक हाव म्हणायचे न् लावून ठेवायचे. तुमच्या आईनं पोराला बटणाजवळ बसवलं ते एकदम बरोबर केलं. पोरगं चुकीच्या दिशेनं बघत बसलं ही गोष्ट वेगळी.

आमच्यात लाइन जिवंत असते आणि मेलेली असते. जिवंत लाइन आवाज करत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून परमिट, म्हणजे लाइन बंद करून कामाची परवानगी, घेतल्याशिवाय वर चढायचं नाही, आणि परमिट घेतलं तरी काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचा रॉड टाकून तार जमिनीला जोडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. नव्या पोरांना वाटते सबस्टेशनमधून बंद केली म्हणजे मेली.

मे महिना होता, लग्नसराई. 11 केव्हीची तार तुटली होती. परमिट घेतलं, वरून बंद झाल्याचा निरोप आला. माझ्या हाताखालचा पोट्टा म्हणे, "काका, बंदच आहे, चढू का?" मी म्हटलं आधी रॉड टाक. त्यानं तोंड वाकडं करत टाकला. पाच मिनिटांत त्या रॉडवर अशी ठिणगी उडाली की दिवसाढवळ्या डोळ्यांपुढं निळं झालं. काय झालं होतं, तर खाली एका मांडवात कोणी जनरेटर लावला होता, चेंजओव्हर स्विच न घालता, म्हणजे घर खांबावरच्या लाइनीपासून न तोडता. जनरेटरची वीज त्यांच्या घरातून उलटी खांबावर चढली, डीपीत शिरली. डीपी उलटाही चालतो, साहेब. घरचे 230 व्होल्ट उलटे गेले की वर 11 हजार होतात. म्हणजे आम्ही मारलेली लाइन मांडवातून परत जिवंत झाली. पोट्टा खांबाखाली बसला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणे, "काका, लाइन आली." मी म्हटलं, "हाव. आली."

हसण्यासारखंही सांगतो. माझं लग्न जुळवायला बसलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, "लाइनवर असतो." ते होते ट्रक ड्रायव्हर. त्यांच्यात गाडी लाइनवर आहे म्हणजे लांबच्या फेरीला गेली, आठ-पंधरा दिवस पत्ता नाही. त्यांनी हिचा चेहरा पाहिला आणि म्हणे, "मी जन्मभर लाइनवर होतो, पोरीच्या आईनं काय भोगलं मले ठाऊक. पोरगी देत नाही." मध्यस्थानं उलगडा केला तेव्हा कुठं चहा आला. पुढं मी रोज रात्री घरी जेवायला यायचो, फक्त जेवताना फोन यायचा.

यॉर्कर_की_फुलटॉस:

सगळे अर्थ आले, लेंथ कोणीच टाकली नाही. आमच्या गल्लीच्या संघात एक गोलंदाज होता, त्याची लाइनही चुकायची आणि लेंथही. शेवटी कप्तान म्हणाला, "बाबा, तू लाइन मारणंच बघ, ते तरी जमतंय." त्याच मुलीशी लग्न झालं त्याचं.

ओळंबा:

खांबावरचे काका, रॉडचं वाचून अंगावर काटा आला.

मी सिव्हिल इंजिनीअर, सांगलीकडे साइटवर असते. पहिली नोकरी, पहिला आठवडा, वय बावीस. खाली भराव झाला होता, खोल्यांच्या भिंती उठवायच्या होत्या. साइटवर बारा माणसं, मी एकटी बाई. मुख्य गवंडी साठीचे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मी नकाशा घेऊन उभी राहिले, तर अण्णा लांबूनच मोठ्यानं विचारतात, "मॅडम, लाइन मारू का?"

मागं दोन पोरं फिसकन हसली. माझे कान तापले. मी म्हटलं, "अण्णा, तोंड सांभाळून बोला." साइट एकदम चिडीचूप. अण्णांना कळेचना काय झालं. त्यांच्या हातात दोरी होती, गेरूत बुडवलेली, लालभडक. ते कसनुसं होऊन म्हणाले, "भितीची वो, पोरी." मग दोरीचं एक टोक एका पोरानं धरलं, दुसरं अण्णांनी, ताणली, मधोमध चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. फट्ट. जमिनीवर तीस फूट लाल रेघ, डोळ्यांनी शोधूनही वाकडेपणा सापडणार नाही अशी. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. नेमकं पायाचं खोदकाम आदल्या आठवड्यातच बुजवून झालं होतं.

नंतर त्याच अण्णांनी मला अर्धं काम शिकवलं. आमच्याकडे घराची सुरुवात लाइनआउटनं होते: खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, फक्की टाकून जमिनीवर घर आखायचं. मालक सहकुटुंब येतात आणि त्या पांढऱ्या चौकोनात उभे राहून म्हणतात, "हे एवढंच स्वयंपाकघर?" प्रत्येक जण म्हणतो. आखलेली खोली नेहमी लहान दिसते. मग वीटकाम सुरू झालं की प्रत्येक थराला लाइनदोरी. वीट पुढं आली तर अण्णा म्हणायचे, "दोरीत घे." किती बाहेर आहे तेही दोरीतच सांगायचे: "दोन सूत बाहेर हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला तेव्हाच प्रश्न पडला होता की मापाला सूत का म्हणतात, पण विचारलं नाही. एकदा तोंडघशी पडले होते ना.

वेलांटी, तुमच्या वहीत ही दोरीची नोंद आहे का? नसेल तर बारावी धरा.

पहाटपाळी:

सर, तुम्ही तपासलेल्या लायनी मीच टाकतो बरं का.

पेपरची लाइन. वडिलांची होती, आता माझी आहे. पहाटे चारला गठ्ठे उतरतात, फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या, घडी घालायची, पाचला सायकल बाहेर. लाइन म्हणजे काय, तर कुठल्या गल्लीत कुठलं घर, कोणाला काय लागतं, कोण रविवारीच घेतो, कोणाचं कुत्रं सुटलेलं असतं. हे सगळं डोक्यात. कागदावर नसतं. म्हणून लाइन विकत घेतली तरी पहिले आठ दिवस जुना मालक बरोबर फिरतो. हो, लाइन विकली जाते, गिऱ्हाइकामागे भाव ठरतो. वडिलांनी 1991 ला घेतली तेव्हा आईची पाटली मोडली होती.

तेव्हा दोनशे दहा घरं होती. लॉकडाउनमध्ये एकदम तुटली, परत जुळवता जुळवता ऐंशीवर आलोय. जी राहिली ती बहुतेक म्हातारी माणसं. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा आहेत. मी खालून रबर लावून पेपर फेकतो, तो बरोबर त्यांच्या कुंडीजवळ पडतो, आणि ते वरून ओरडतात, "लेंथ चांगली!" हे वरच्या क्रिकेटवाल्यांसाठी.

भाच्याला सांगा, मी कॉलेजात असताना एका मुलीनं विचारलं, सकाळी काय करतोस. मी म्हटलं लाइन टाकतो. ती परत बोलली नाही. बदलापूरच्या ताई म्हणतात ते खरं आहे, क्रियापद बदललं की सगळं बदलतं. मारतो म्हटलं असतं तर निदान हसली तरी असती.

एडिसनची_सून:

आम्ही न्यू जर्सीतच. तुमच्या भाच्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, जी त्यालाही माहीत नसेल. उरलेली अमेरिका रांगेत उभी राहते तेव्हा 'इन लाइन' म्हणते. न्यूयॉर्क आणि आमच्या आसपासचे लोक मात्र 'ऑन लाइन' उभे राहतात. म्हणजे तुमच्या लाइनमन काकांसारखे लाइनवर. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा दुकानात एकानं त्यांना नम्रपणे विचारलं, तुम्ही ऑन लाइन आहात का? त्यांनी पर्समधून फोन काढून दाखवला.

दुसरी_वेलांटी:

धागा एवढा लांबेल असं वाटलं नव्हतं. ओळंबा ताई, दोरीची नोंद वहीत नव्हती. पण तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री कोश काढून बसलो. शब्दकोशातले अर्थ नकोत असं मीच लिहिलं होतं, तेव्हा थोडी लाज वाटली, पण आता सांगतोच.

इंग्रजी लाइन आली लॅटिन 'लिनेआ'वरून. लिनेआ म्हणजे रेघ नाही, रांगही नाही. लिनेआ म्हणजे दोरी, तागासारख्या धाग्याची. ती 'लिनुम'पासून झालेली, आणि लिनुम हे एका झाडाचं नाव. त्याच्या खोडाच्या धाग्याचं कापड ते लिनन. म्हणजे आधी दोरी होती, मग ती ताणून मारलेली रेघ, मग रेघेसारखी उभी माणसं, बराकी, रूळ, तारा आणि पहाटेची सायकल. तुमचे अण्णा 'लाइनदोरी' म्हणतात तेव्हा खरं तर ते 'दोरीदोरी' म्हणतात. आणि सबंध धाग्यात तेच एकटे मुळाशी धरून आहेत, गेरूच्या हातांनी.

सूतही तेच हो. आपल्याकडे दोऱ्याचं माप झालं, तिकडे दोऱ्याची रेघ झाली. आपला सूत्रधारही मुळात दोरी धरणाराच. आणि आपण इथं गप्पांना 'धागा' म्हणतो ते मी आता कुठल्या तोंडानं दुरुस्त करू?

पण खरी गोष्ट पुढं आहे. ते लिनुम नावाचं झाड कोणतं ते बघितलं. जवस. आपलं जवस! आमच्या वऱ्हाडात रोज ताटात असतं ते. भाचा जाताना आईनं त्याच्या बॅगेत जवसाच्या चटणीचा डबा घातला होता, कपड्यात गुंडाळून, वर तेल सांडू नये म्हणून दोन पिशव्या. बहीण म्हणाली, पोरगं ती आता ब्रेडवर लावून खातंय.

काल रात्री त्याला फोन करून सांगितलं की चोरीचा आरोप मागे घे, अकराही एकाच झाडाचे, आणि ते झाड तू सध्या ब्रेडवर लावून खातोयस. बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, आजीला माहितीये हे?"

म्हणून लगेच आईला फोन लावला. साडेदहा वाजले होते, पण सध्या रात्रीची पाळी आहे, ती जागीच होती. मी लॅटिनपासून सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मधे दोनदा "हाव का" म्हणाली. मी जवसापर्यंत आलो आणि सांगणार, एवढ्यात मागं पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

"थांब," ती म्हणाली, "ठेव फोन. लाइन आली."